दुखणाऱ्याची जबानी

मा. कुलगुरू,
महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक यांस,



१९९८ साली स्थापन झालेल्या आपल्या विद्यापीठात ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक आणि परिचर्या अशा सर्व शाखांचे विद्यार्थी परीक्षेस बसतात, आणि उद्या या राज्यात जो कोणी मनुष्य कण्हत कण्हत एखाद्या दवाखान्याच्या पायऱ्या चढेल, त्याच्या कण्हण्याची किंमत ठरविण्याचा अधिकार बहुतकरून आपण पदवी दिलेल्या माणसांच्याच हाती असेल. म्हणून हे पत्र अन्य कोणास न लिहिता आपणांस लिहीत आहे. मी वैद्य नव्हे. फौजदारी न्यायालयांत वकिली करण्यात उमेदीची वर्षे घालवून आता घरी बसलेला मनुष्य आहे. त्या व्यवसायात जखमांचे दाखले रोजच हाताखालून जात. जखम किती लांब, किती खोल, हत्यार धारदार की बोथट, दुखापत साधी की जबर, हे सारे त्यांत व्यवस्थित मांडलेले असे. परंतु ज्याच्या अंगावर ती जखम होती तो मनुष्य त्या वेळी काय सांगत होता, याची एक ओळही त्या कागदांत मला क्वचितच आढळली. पुष्कळ दिवस मला त्यात काही वावगे वाटले नाही, कारण आमच्या धंद्यातही जे मोजता येते तेच खरे धरण्याची खोड मुरलेली असते.

वास्तविक कायद्याने वेदनेला अगदीच वाळीत टाकलेले नाही. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३२० व्या कलमात जबर दुखापतीचे आठ प्रकार सांगितले होते, आणि त्यांतील आठव्या प्रकारात, ज्या इजेमुळे मनुष्यास वीस दिवसपर्यंत तीव्र शारीरिक वेदना भोगावी लागते तीही जबर दुखापतच होय, असे स्पष्ट लिहिलेले होते. नव्या भारतीय न्याय संहितेने ही मुदत वीस दिवसांवरून पंधरा दिवसांवर आणली आहे. आरोपीच्या शिक्षेत कित्येक वर्षांचा फरक पाडू शकणारी ही तरतूद प्रत्यक्ष व्यवहारात मात्र बहुधा पडूनच राहते. मोडलेले हाड क्षकिरणांच्या चित्रात दाखविता येते, पडलेला दात पाकिटात घालून न्यायालयापुढे ठेवता येतो. पंधरा दिवसांची वेदना कोणी मोजली, कोणत्या कागदावर टिपली आणि ती टिपणाऱ्याने कोणास विचारून टिपली, या प्रश्नांपाशी सरकारी वकील अडतो, आणि मग तो हाडाचा नाहीतर दाताचा आधार शोधू लागतो.

याहून विस्मयाची गोष्ट पुराव्याच्या कायद्यात आहे. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या १८७२ च्या पुराव्याच्या अधिनियमातील चौदाव्या कलमाने मनुष्याची शारीरिक अवस्था व शारीरिक संवेदना ही शाबीत करण्यायोग्य वस्तुस्थिती मानली, आणि त्याखालच्या उदाहरणांत असे सांगितले की, अमुक एक मनुष्य विषप्रयोगाने मेला किंवा कसे असा प्रश्न उपस्थित झाला असता, त्याने आजारपणात आपल्या लक्षणांविषयी जे काही सांगितले असेल ते पुराव्यात ग्राह्य आहे. मृत्युपूर्व जबानीची तरतूद तर सर्वश्रुतच आहे. म्हणजे माणूस मरण पावला, तर ‘माझ्या पोटात आग पडली आहे’ हे त्याचे शब्द न्यायाधीश आदराने वाचून पाहतो. तोच माणूस जिवंत असून त्याने तेच शब्द अपघात विभागातल्या खाटेवरून उच्चारले, तर ‘एवढं काही नाही, पडून राहा’ असा निकाल उभ्या उभ्या मिळतो, आणि त्या निकालावर अपील चालत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दुसऱ्याला किती दुखते याविषयी पाहणारा जो अंदाज बांधतो, तो त्या दुखण्यापेक्षा पाहणाऱ्याविषयी अधिक सांगतो. तो अंदाज केसपेपरात जरूर यावा, पण पाहणाऱ्याच्या नावावर यावा. आणि त्याच्या आधी, वेगळ्या रकान्यात, दुखणाऱ्याची जबानी यावी.

पाहणाऱ्याचा अंदाज चुकतो, आणि तो बहुधा खालच्याच बाजूस चुकतो, ही गोष्ट आता केवळ रुग्णांची तक्रार राहिलेली नाही. रुग्णाने स्वतः सांगितलेली वेदना आणि वैद्य वा परिचारिकेने केलेला तिचा अंदाज यांची तुलना करणारे अनेक देशांतील अभ्यास २०१८ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य अभ्यासांत व्यावसायिकांचा आकडा रुग्णाच्या आकड्याहून कमी भरला. कॅनडातील केनेथ प्रकाचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खांदा दुखणाऱ्या रुग्णांच्या चेहऱ्यांची चित्रणे दाखवून हीच गोष्ट वारंवार पडताळली, आणि त्यांच्या कामातील मला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग असा की, ज्यांना आधी तीव्र वेदनेचे पुष्कळ चेहरे दाखविले गेले होते, ते प्रेक्षक नंतरच्या चेहऱ्यांत वेदना आहे असे म्हणावयास अधिक नाखूष झाले. तैवानमध्ये २००७ साली अनुभवी ॲक्युपंक्चर चिकित्सकांना शरीरात सुया टोचल्या जात असल्याची दृश्ये दाखवून त्यांच्या मेंदूतील हालचाल तपासण्यात आली. सामान्य माणसाच्या मेंदूत अशा दृश्याने वेदनेशी निगडित असलेले जे भाग जागे झाले, ते या चिकित्सकांत जागे झाले नाहीत, आणि त्यांच्या ठायी संयमनाशी संबंधित असा पुढचा भाग काम करताना आढळला. यात त्या चिकित्सकांचा काही दोष आहे असे मी मुळीच म्हणत नाही. प्रत्येक सुई ज्याच्या स्वतःच्या काळजात रुतते त्याच्या हातून सुई सरळ टोचली जाणार नाही, आणि शल्यक्रिया तर होणारच नाही. हा थंडपणा धंद्याने दिलेला आहे आणि धंद्याला तो लागतोही. हरकत एवढीच की, हाताला स्थैर्य यावे म्हणून कमावलेला हा थंडपणा पुढे तोच मनुष्य मापाच्या जागी वापरू लागतो. आणि जितका अनुभव अधिक तितका हा धोका अधिक असल्यामुळे, वॉर्डात ज्येष्ठांचा शब्द अखेरचा मानण्याची आपली जी रीत आहे ती नेमकी याच एका बाबतीत उलटी पडते.

चेहऱ्यावरून सोंग ओळखता येते, हा दुसरा भ्रम. तो पोलिसांतही आहे, आम्हां वकिलांत तर फारच आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, बर्फगार पाण्यात हात घालून खरोखर वेदना भोगणाऱ्यांचे आणि नुसते सोंग करणाऱ्यांचे चेहरे लोकांना दाखविले, तेव्हा नाणे उडवून जितके बरोबर येईल तितकेच त्यांचे बरोबर आले; शिकवणी दिल्यानंतरही मजल शेकडा ५५ पर्यंतच गेली. यंत्राने मात्र तोंड उघडण्याच्या हालचालीतील अति-नियमितपणा हेरून शेकडा ८५ पर्यंत अचूक निवाडा दिला. तेव्हा ‘मी चेहरा पाहूनच सांगतो’ असे म्हणणारा प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांना जे शिकवीत असतो ते ज्ञान नव्हे, आत्मविश्वास होय.

जखम पाहून वेदना ठरविणे हे त्याहून शहाणपणाचे वाटते. पण तेही फसवे आहे, हे दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने दाखवून दिले. इटलीतील आघाडीवर १९४४ साली त्यांच्याकडे आलेल्या २१५ गंभीर जखमी सैनिकांना त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: दुखते आहे काय, आणि औषध हवे काय? जवळजवळ तीन-चतुर्थांश जखमींनी औषध नको म्हणून सांगितले. युद्धानंतर याच गृहस्थांनी नागरी रुग्णालयातील शस्त्रक्रियेच्या रुग्णांशी तुलना केली, तेव्हा पुष्कळ लहान जखमा असूनही ८० टक्क्यांहून अधिक रुग्णांनी वेदनाशामक मागितले. सैनिकाला जखम म्हणजे रणातून सुटका होती, नागरिकाला तीच संसारावरचे संकट होती, असा अर्थ बीचर यांनी लावला. त्या अर्थाविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु बीचर यांच्या कामातील खरी थोरवी मला त्या प्रश्नात दिसते, कारण त्यांच्या आधीच्या रिवाजाप्रमाणे मोठी जखम दिसली की न विचारता मॉर्फीन टोचले जाई, आणि थंडीने गारठलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या सैनिकांत ते नंतर एकदम भिनून विषबाधा होत असल्याचे त्यांनीच लिहून ठेवले आहे. विचारल्याने औषध वाढतेच असे नाही. तेथे ते घटले.

ज्याला बोलता येत नाही त्याचे काय, असा प्रश्न येथे आपल्या मनात येईल, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर ज्या माणसाने शोधले त्याचे वैद्यकीय शिक्षण इंदूरच्या महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे होळकरांच्या त्या जुन्या राजधानीत झाले, जिच्या पेठांतून आजही मराठी कानावर पडते. कंवलजीत आनंद हे तेथून ऑक्सफर्डला गेले, आणि तेथे त्यांच्या ध्यानात आले की, शस्त्रक्रियेसाठी नेलेली अपुऱ्या दिवसांची बालके परत येतात तेव्हा त्यांची प्रकृती भलतीच ढासळलेली असते. चौकशी करता कळले ते असे, की या बालकांना स्नायू निश्चल करणारे औषध आणि फार तर थोडा नायट्रस ऑक्साइड एवढेच देऊन शस्त्र चालविण्याचा प्रघात आहे. नवजात अर्भकाच्या मज्जातंतूंची वाढ अपुरी असते, सबब त्याला वेदना कळत नाही, असा वैद्यकातील मोठमोठ्यांचा समज होता, आणि तो समज त्यांच्या दृष्टीने रोज सिद्धही होत असे, कारण ज्याचे स्नायू औषधाने बांधून टाकले आहेत ते मूल हलणार कसे आणि रडणार कसे? साक्षीदाराची जीभ आपणच बांधावी आणि मग साक्षीदाराने काहीच तक्रार केली नाही असा शेरा मारावा, यातला हा प्रकार. आनंद यांनी काही बालकांना फेंटानिल हे वेदनाशामक जोडीला देऊन आणि काहींना रूढ पद्धतीवरच ठेवून दोहोंच्या रक्तातील ताणाची संप्रेरके मोजली. वेदनाशामक मिळालेल्या बालकांत त्यांचे प्रमाण पुष्कळच कमी राहिले, आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. १९८७ च्या आरंभी हा अहवाल ‘लॅन्सेट’मध्ये आला, अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने त्याच वर्षी नवजातांनाही भूल दिली पाहिजे असे जाहीर केले. सन लक्षात घ्यावे: १९८७. चंद्रावर माणूस उतरून अठरा वर्षे झाली होती.

बालकाच्या बाबतीत निदान असे म्हणता येईल की त्याला भाषा नव्हती. परंतु ज्यांना भाषा होती त्यांच्याविषयी काय बोलले गेले? अमेरिकेच्या अलाबामा राज्यात १८४५ ते १८४९ या काळात मॅरियन सिम्स या शल्यवैद्याने गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर वारंवार शस्त्रक्रिया केल्या, त्यांतील अनार्का नावाच्या एकीवर तर तीस वेळा, आणि १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरची भूल जाहीरपणे सिद्ध झाल्यानंतरही त्या भूल न देताच चालू राहिल्या. शतकाच्या अखेरीस, यादवी युद्धातील मज्जातंतूंच्या जखमांचा ज्यांनी मूलगामी अभ्यास केला त्या वेअर मिचेल यांच्यासारख्या थोर वैद्याने, सुधारणेबरोबर मनुष्याची दुःख भोगण्याची शक्तीही वाढत गेली आहे आणि रानटी मनुष्यास आपल्याइतकी वेदना होत नाही, असे प्रतिपादन केले. हा विचार जुन्या ग्रंथांतच राहिला असता तर मी त्याचा उल्लेख केला नसता. २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात गौरवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी व निवासी वैद्य यांची विचारपूस झाली, तेव्हा त्यांतील सुमारे निम्म्यांना, काळ्या माणसाची कातडी जाड असते यांसारखी एखादी तरी निराधार समजूत खरी वाटत होती. आणि ज्यांना ती वाटत होती त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाची वेदना कमी लेखली. त्याआधी १९९३ मध्ये लॉस एंजेलिस येथे हातापायांची लांब हाडे मोडून आलेल्या रुग्णांचे कागद तपासले असता, लॅटिन अमेरिकी वंशाच्या शेकडा ५५ रुग्णांना कसलेच वेदनाशामक मिळाले नव्हते. गोऱ्यांत हे प्रमाण २६ होते. पुढच्या वर्षी त्याच संशोधकांनी वैद्यांचा अंदाजच विचारून पाहिला, तर दोन्ही वंशांच्या रुग्णांविषयी तो सारखाच निघाला. हे माझ्या प्रतिपादनास सोयीचे नाही, पण म्हणून ते दडपणे बरे नव्हे. डोळ्याने सारखे मापले तरी हाताने सारखे दिले नाही, एवढाच त्याचा अर्थ, आणि तो अधिक बरा आहे असे मला वाटत नाही.

कुलगुरू महाशय, हे सारे परदेशचे म्हणून आपण बाजूस ठेवू नये, कारण मी आता आपल्याच अखत्यारीतील मुलखाकडे वळत आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, पावरा या आदिवासींत आणि विदर्भातील काही दलित समाजांत तो पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच कोयत्याच्या पात्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकून पडतात, आणि पुढच्या भागाला रक्त न मिळाल्यामुळे पाठीत, छातीत, मांड्यांच्या हाडांत जी कळ उठते ती तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस टिकते. थंडी, ताप, पाण्याची कमतरता, अतिश्रम यांतले काहीही निमित्त पुरते. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली या वाकड्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले, त्याला शतक उलटले. तरीसुद्धा अशी कळ आज या क्षणी चालू आहे किंवा नाही हे निश्चयाने सांगणारी एकही रक्तचाचणी नाही. जखम नाही, सूज असेलच असे नाही, क्षकिरणांत बहुधा काही दिसत नाही. आहे ती फक्त रोग्याची जबानी.

आणि ती जबानी कोण देतो? पहाटे एस. टी. धरून आलेला, मराठी ज्याची दुसरी किंवा तिसरी भाषा आहे असा एखादा तरुण, जो लहानपणापासून ही कळ सोसत आल्यामुळे आरडाओरडा करण्याचे केव्हाच सोडून बसला आहे. कळ चालू असताना तो भिंतीकडे तोंड करून पडून राहील, मोबाइलवर काही पाहत राहील, विचारले तर एका शब्दात उत्तर देईल. लातूरहून किंवा पुण्याहून तेथे नेमणूक होऊन गेलेला आपला पदवीधर त्याला पाहतो आणि मनाशी ठरवितो की, ज्याला इतके दुखते तो मोबाइल पाहील कसा? तोच तरुण पुन्हा पुढच्या महिन्यात आला आणि मागल्या वेळी ज्या इंजेक्शनाने उतार पडला त्याचे नाव त्याने घेतले, तर ‘सवय लागलेली दिसते’ असा संशय येतो. अमेरिकेतील सिकलसेलच्या कृष्णवर्णीय रुग्णांविषयी हाच संशय घेतला जातो. रोग एक, दुखणे एक आणि संशयही एकच. आपल्याकडे त्याला आणखी एक गोंडस शब्द मिळाला आहे. हे लोक काटक असतात, असे आपण म्हणतो. हे प्रशंसेच्या सुरात म्हटले जाते, म्हणणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते, आणि मिचेल साहेबांचा सिद्धान्त त्या एका शब्दात साळसूदपणे जिवंत राहतो. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, कोट्यवधी लोकांचे रक्त तपासण्याचा संकल्प सोडला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात या आजाराचा समावेश त्याआधीच झालेला आहे. या सर्व गोष्टी स्वागतार्ह होत. तथापि रक्त तपासून रोगी कोण ते कळते. आज रात्री त्याला किती दुखते, ते त्यालाच विचारावे लागते.

स्त्रियांविषयी स्वतंत्र पत्र लिहावे लागेल, म्हणून येथे थोडेच लिहितो. पोट दुखते म्हणून अमेरिकेतील एका आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णांच्या २००८ सालच्या अभ्यासात, वेदनाशामक मिळेपर्यंत पुरुषास ४९ मिनिटे लागली तर स्त्रीस ६५ मिनिटे, वेदनेचा आकडा दोघांनी सारखाच सांगितला असूनही. बोटाला टोचून रक्त घेतले जात असलेल्या पाच वर्षांच्या एकाच मुलाचे चित्रण काही प्रौढांना मुलगा म्हणून व काहींना मुलगी म्हणून दाखविले, तेव्हा मुलगा समजणाऱ्यांना तेच रडणे अधिक वेदनेचे वाटले. आणि हा भेद करणाऱ्या प्रेक्षकांत विशेषेकरून स्त्रियाच होत्या. प्रसूतिकक्षात ज्यांनी पाऊल ठेवले आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. ‘आम्ही नाही का सोसल्या कळा? ओरडू नकोस’ हे तेथे बहुधा बाईच बाईला सांगते. ज्याचे जळते त्याला कळते ही म्हण खरी आहे, पण जळून गेल्यावर ते कळणे टिकते असे नव्हे: बर्फाळ तळ्यात उडी घेण्याचा विक्षिप्त खेळ नुकताच पार पाडलेल्या लोकांना, आयत्या वेळी कच खाऊन मागे फिरलेल्या एका माणसाविषयी विचारले असता, उडी घ्यायची बाकी असलेल्यांपेक्षा त्यांनाच त्याचा अधिक तिटकारा वाटला, असे अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी २०१५ साली नमूद केले आहे. म्हणून ‘स्वतः भोगल्याशिवाय डॉक्टरला कळणार नाही’ असा जो उपाय लोक रागाने सुचवितात, त्यावरही माझा भरवसा नाही.

आता आपल्या बाजूने काय बोलले जाईल याची मला कल्पना आहे. रुग्ण खोटेही बोलतात. मी जन्मभर वकिली केली, मला हे कोणी सांगावयास नको. नुकसानभरपाईच्या दाव्यात मानेला पट्टा बांधून येणारे आणि निकाल लागताच तो पट्टा जिन्यात सोडून जाणारे पक्षकार मी पाहिलेले आहेत. दुसरा आक्षेप याहून गंभीर. अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस वेदनेला नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या पंक्तीला बसवून पाचवे लक्षण म्हणण्याची चळवळ निघाली, १९९६ साली ऑक्सिकाँटिन बाजारात आले, रुग्णाच्या तोंडच्या आकड्यावर अफूजन्य गोळ्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, आणि त्यातून व्यसनाची जी साथ उसळली तिने लाखो माणसे खाल्ली. त्या औषधाच्या कंपनीने व्यसनाच्या धोक्याविषयी दिशाभूल केल्याचा गुन्हा २००७ मध्ये न्यायालयात कबूल केला. तेव्हा रुग्णाच्या शब्दावर विसंबणे म्हणजे हाच रस्ता नव्हे काय?

नव्हे, आणि का नव्हे ते आमच्या कचेरीतला कारकूनसुद्धा सांगेल. पुरावा दाखल करून घेणे ही एक गोष्ट आणि त्यावर हुकूमनामा देणे ही दुसरी. फिर्यादीची जबानी जशीच्या तशी लिहून घेतली म्हणून कोणी आरोपीस लगेच तुरुंगात पाठवीत नाही; परंतु जबानी लिहून न घेताच फिर्याद खोटी ठरविणारा ठाणेदार निलंबित होतो. अमेरिकेत घडले ते असे की, जबानी आणि हुकूमनामा एकच मानले गेले, आणि त्या दोहोंच्या मधली जी शहानिशा, जी वैद्याची खरी विद्या, तिच्यासाठी विमा कंपन्यांनी वेळ ठेवला नाही आणि औषध कंपन्यांनी गरज ठेवली नाही. आपल्याकडे याच्या नेमके उलट घडले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या धाकाने दवाखान्यांनी मॉर्फीन ठेवणेच सोडून दिले. परवान्यांच्या जंजाळातून ते कर्करोगाच्या रुग्णांपर्यंत पुन्हा पोहोचावे म्हणून केरळच्या डॉ. राजगोपाल यांच्यासारख्यांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले, तेव्हा कोठे २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मंदसौर-नीमचच्या शेतांत सरकारी परवान्याने अफूचा चीक निघतो, नीमचला सरकारचा कारखाना आहे, आणि तेथून काही तासांच्या रस्त्यावर असलेल्या गावातले एखादे म्हातारे हाडात पसरलेल्या कर्करोगाने तळमळत पॅरासिटामॉलच्या गोळीवर रात्र काढते. एका देशात न पारखता दिले गेले, दुसऱ्यात न विचारता नाकारले गेले.

वेदनेच्या अभ्यासाची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना, मनुष्याने आपल्या वेदनेविषयी केलेल्या निवेदनाचा आदर राखला पाहिजे असे नमूद केले, आणि बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे, हेही जोडीला सांगितले. हे आपल्या ग्रंथालयांत पोहोचलेले असेलच. प्रश्न तो परीक्षेत पोहोचण्याचा आहे. अभ्यासक्रम दिल्लीच्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाकडून ठरून येतो, ही सबब मला ठाऊक आहे. पण परीक्षा आपल्या विद्यापीठाची, परीक्षक आपण नेमता, आणि जे परीक्षेत विचारले जात नाही ते विद्यार्थी शिकत नाहीत, हे आपणांस मी सांगण्याची आवश्यकता नाही.

माझी विनंती लहान आहे आणि तिला पैसा लागत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत विद्यार्थी रुग्णाची हकीकत सादर करतो, तेव्हा त्याला दोन रकाने भरावयास लावावेत. पहिल्यात रुग्णाचे शब्द, त्याच्याच भाषेत: ठणका, ठसठस, चमक, कळ, पोटात पडणारा पीळ, जे काही तो म्हणेल ते, आणि किती व केव्हापासून तेही, माडिया किंवा भिली बोलणारा रुग्ण असेल तर दुभाष्या कोण होता त्याचे नाव, बोलू न शकणारा असेल तर त्याच्याजवळ अहोरात्र बसणाऱ्याचे म्हणणे. दुसऱ्या रकान्यात विद्यार्थ्याचा स्वतःचा अंदाज, त्याच्या सहीनिशी. दोहोंत तफावत असेल तर तिचे कारण विद्यार्थ्याने द्यावे, आणि गुण त्या कारणावर द्यावेत. तफावत असूच नये असा नियम करू नये, नाहीतर हुशार पोरे दुसरा रकाना पहिल्यावरून उतरवून काढतील. परिचर्येच्या विद्यार्थिनींना हाच कागद द्यावा, आणि माझा तर्क असा की त्यांचे दोन रकाने अधिक जवळ येतील, कारण रात्रपाळी त्या करतात. तो तर्क चुकीचा ठरला तरी निदान कागदावर ठरेल.

आरंभ नंदुरबार, चंद्रपूर आणि गोंदिया येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून करावा असे मी सुचवितो, कारण जेथे जबानीखेरीज दुसरा पुरावा नाही अशा आजाराचे रुग्ण तेथे बारमाही आहेत, आणि थंडीत त्यांची संख्या वाढते. आपल्या हिवाळी सत्राच्या परीक्षाही त्याच सुमारास असतात. परीक्षकांपैकी काही ज्येष्ठ मंडळी नाके मुरडतील. त्यांना दुसरा रकाना प्रथम स्वतः भरावयास सांगावा आणि त्यांचे कागद विद्यार्थ्यांच्या कागदांबरोबरच परीक्षा विभागाच्या दप्तरी ठेवावेत.



आपला विश्वासू,
एक निवृत्त वकील